बोहाडा, भुताळी आणि भयकथा : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात अद्भुत साहित्याचा अभ्यास

१

अद्भुतरम्य कथा, विज्ञानकथा आणि भयकथा (हिलाच आपल्याकडे कधी गूढकथा, तर कधी पिशाच्चकथा म्हणतात) या तीन वाङ्मयप्रकारांचा विचार मराठी समीक्षेने बहुधा वेगवेगळा, आणि खरे सांगावयाचे तर काहीशा अनिच्छेनेच केला आहे. अद्भुतरम्य कादंबरी हा एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून शिकविला जातो. विज्ञानकथेस प्रबोधनाचे साधन म्हणून मान मिळतो. भयकथा वाचनालयाच्या कपाटात राहते. ती वाचली पुष्कळ जाते, परंतु अभ्यासपत्रिकेत क्वचितच येते. या तिन्ही प्रकारांचा पाया मात्र एकच आहे. जे आपल्या अनुभवाच्या जगात घडत नाही, किंवा अद्याप घडलेले नाही, ते घडले असे या कथा सांगतात. म्हणून त्यांचा अभ्यास करताना पहिला प्रश्न उपस्थित होतो तो असा की, ‘आपल्या अनुभवाचे जग’ या शब्दांतील ‘आपले’ म्हणजे कोणाचे?

या प्रश्नाचे पाश्चात्त्य समीक्षेतील सर्वांत काटेकोर उत्तर त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये फ्रेंच भाषेत लिहिलेल्या ग्रंथात दिले आहे. त्यांच्या मते एखादी विलक्षण घटना वाचताना वाचकाच्या मनात जी दोलायमान अवस्था निर्माण होते, ती अद्भुताचा गाभा होय. ही घटना निसर्गनियमांनी उलगडेल की नियमांपलीकडची शक्ती मान्य करावी लागेल, याचा निर्णय होत नाही तोवर अद्भुत टिकते. घटनेचा नैसर्गिक उलगडा झाला की कथा ‘विचित्रा’च्या प्रांतात जाते, अतिमानुष मान्य केले की ती ‘चमत्कारा’च्या प्रांतात जाते. दार्को सुविन यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात विज्ञानकथेची व्याख्या करताना ज्ञानात्मक आधार असलेल्या दुरावलेपणावर भर दिला. वाचकाला त्याच्या जगापासून दूर नेणारी, परंतु तर्काने समजू शकेल अशी एक नवी गोष्ट कथेच्या केंद्रस्थानी असली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

दोन्ही व्याख्या उपयुक्त आहेत. परंतु दोन्हींनी एक वाचक गृहीत धरलेला आहे. निसर्ग कोठे संपतो आणि अतिमानुष कोठे सुरू होते, याची रेषा त्याच्या मनात आधीच आखलेली आहे. जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतील महाविद्यालयीन वर्गात या व्याख्या शिकवावयाच्या झाल्या, तर हे गृहीत तपासून पाहावे लागते. येथील विद्यार्थी बहुसंख्येने वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर आणि कातकरी या समाजांतून आलेले असतात. त्यांच्या पाड्याच्या सीमेवर वाघदेव असतो, गावात भगत असतो, आणि होळीनंतर पावसाळ्यापूर्वीच्या रात्रींत बोहाडा असतो. यावरून हे विद्यार्थी सर्व काही खरे मानतात असा निष्कर्ष शहरातून आलेले प्राध्यापक फार लवकर काढतात. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तीच आहे.

२

बोहाडा हा जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या भागांत, तसेच लगतच्या नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात होणारा मुखवट्यांचा उत्सव. काही ठिकाणी त्याला भोवाडा म्हणतात. देवीच्या नावाने होणारा हा उत्सव अनेक रात्री चालतो. सांबळ आणि पिपाणी यांच्या तालावर एकेक सोंग गावाच्या वाटेने नाचत देवळाकडे येते. प्रारंभी गणपती आणि सरस्वती, मग रामायण-महाभारत-पुराणांतील पात्रे: राम, लक्ष्मण, रावण, भीम, हिडिंबा, नरसिंह, त्राटिका, आणि शेवटी देवी व महिषासुर. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात, ठळक रंगांनी रंगविलेले असतात, आणि काही इतके जड असतात की ते डोक्यावर पेलून नाचणे हेच एक कसब आहे. कोणते सोंग कोणी नाचवावयाचे हे अनेक गावांत ठरलेले असते. तो त्या घराण्याचा मान असतो आणि तो बापाकडून मुलाकडे जातो.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, या सादरीकरणात संवादांना गौण स्थान आहे. कथा प्रेक्षकांना ठाऊक असते. सोंगाची चाल, वाद्याचा ठेका आणि मुखवटा यांवरून ती पुरेशी उभी राहते. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. मुखवट्याच्या आत कोण आहे हे गावातील प्रत्येकास माहीत असते. दिवसा ज्याच्याशी बांधाच्या तंट्यावरून बोलाचाली होते, तोच रात्री त्राटिका होऊन अंगावर धावून येतो. तरीही पोरे किंचाळत मागे सरतात, मोठी माणसे वाट देतात, आणि मुखवट्याची पूजाही होते. ‘हा अमुक आहे’ आणि ‘ही त्राटिका आहे’ ही दोन ज्ञाने एकाच क्षणी, एकमेकांस न खोडता, प्रेक्षकाच्या ठायी नांदतात.

तोदोरोव्ह यांच्या कोष्टकात या अनुभवाला जागा सापडत नाही. येथे दोलायमानता नाही, कारण निर्णय करावयाचाच नाही. चमत्कार मान्य केला असेही म्हणता येत नाही, कारण आतला माणूस विसरलेला नाही. आपल्या काव्यशास्त्राकडे वळल्यास मात्र अधिक नेमकी परिभाषा हाती येते. शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेऊन अभिनवगुप्तांनी भयानक रसाचे जे विवेचन केले आहे, त्याचा इत्यर्थ असा की, प्रेक्षकाला प्रतीत होणारे भय हे ‘मी भ्यालो’ असे नसते, ‘हा भ्याला’ असेही नसते. स्थळकाळाच्या आणि व्यक्तीच्या मर्यादा गळून पडलेले ते भय असते, आणि म्हणूनच ते आस्वाद्य होते. त्याच ग्रंथात, म्हणजे अभिनवभारतीत, त्यांनी रसप्रतीतीतील विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील पहिले विघ्न संभाव्यतेचा अभाव हे आहे. जे शक्यच वाटत नाही त्यात मन रमत नाही. लोकोत्तर कृत्ये दाखवावयाची असतील तर रामासारखा प्रख्यात नायक घ्यावा, हा त्यावरील उपाय. कारण त्याच्याविषयीचा विश्वास परंपरेने आधीच रुजलेला असतो. दहाव्या-अकराव्या शतकातील एका काश्मिरी आचार्याचा हा विचार मोखाड्याच्या बोहाड्यास इतका चपखल लागू पडतो याचे नवल वाटण्याचे कारण नाही. दोन्हीकडे मूळ प्रश्न नाट्याचाच आहे.

याहून पुढे जाऊन असे म्हणता येईल की, बोहाड्यातील मान्यता ही व्यक्तीच्या मनातील श्रद्धेपेक्षा एका सामाजिक व्यवस्थेवर उभी असते. रात्र ठरलेली, वाट ठरलेली, वाद्य ठरलेले, मान असलेले घराणे ठरलेले. या चौकटीत राक्षस खरा असतो. मुखवटा उतरवून जागच्या जागी ठेवला की राक्षसाचे काम संपते. सोंग संपल्यावर कोणी त्या माणसाच्या घरावर दगड मारीत नाही. ही बाब आपण पुढे भयकथेच्या चर्चेत पुन्हा विचारात घेणार आहोत.

भरताने वीरापासून अद्भुताची आणि बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे. बोहाड्याचा क्रम या सूत्राशी ताडून पाहण्यासारखा आहे. अद्भुत, भयानक आणि वीर यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची आजची ग्रंथव्यवसायाची सवय तेथे अर्थातच नाही.

३

नाट्याकडून कथनाकडे वळल्यास चित्र पालटते. कणसरी ही धान्याची देवता. सुगीनंतरच्या रात्री भगत घांगळीच्या साथीवर तिची कथा गातो. कोकणा समाजात थाळगानाची रीत आहे: काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करायची, आणि ती बोटांनी ओढीत निघणाऱ्या घुमाऱ्यावर कथा सांगायची. वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते; त्याच्या लाकडी वा दगडी खांबावर सूर्य, चंद्र आणि वाघ कोरलेले असतात. लग्नात धवलेरी गाते, आणि चौकात पालघट देवी रेखाटली जाते. या प्रत्येकाशी कथा जोडलेल्या आहेत, त्यांत देव माणसांशी बोलतात, धान्य रुसून निघून जाते, वाघ नाते सांगतो. अशा कथांना आपण काय म्हणावयाचे?

आतापर्यंत आपण त्यांना दोनच नावे दिली आहेत: पुराणकथा आणि अंधश्रद्धा. पहिले नाव मानवशास्त्राने दिले. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला; तो आजही या विषयाच्या अभ्यासकास टाळता येत नाही. दुसरे नाव सुधारणेच्या चळवळीने दिले. तिसरे एक नाव संभवते, ते म्हणजे साहित्य. ते देताना आपण कचरतो.

या कचरण्याला एक इतिहास आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी लोकसमजुतींविषयी सामग्री जमविण्याचे काम हाती घेतले होते. १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी त्यांचा वध केला. त्यांनी गोळा केलेल्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोव्हेन यांनी कोकणातील लोकसमजुतींवरील ग्रंथ सिद्ध केला, तो १९१५ च्या सुमारास बाहेर आला. या ग्रंथाचा मोठा भाग गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीस दिलेल्या उत्तरांवर आधारलेला आहे. मुंजा, समंध, खवीस, झोटिंग, हडळ, अलवंतीण यांची तपशीलवार सूची त्यात सापडते: कोण कोठे राहतो, कोणास धरतो, काय मागतो. माहितीच्या दृष्टीने हा खजिनाच आहे. परंतु मास्तरांना प्रश्न ‘येथे कोणती भुते मानतात?’ असा होता. ‘एखादी गोष्ट सांगा’ असा नव्हता. त्यामुळे भुते उरली आणि त्यांच्या गोष्टी गळाल्या. सांगणारा कोण, ऐकणारे कोण, कोणत्या प्रसंगी सांगितले, सांगताना कोण हसले, यांतील काहीच त्या सूचीत येऊ शकले नाही.

आपल्या विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध आजही नकळत हीच प्रश्नावली पुढे चालवितात. ‘वारली समाजातील श्रद्धा आणि अंधश्रद्धा’ या शीर्षकाखाली देवतांची एक यादी, भुतांची एक यादी, आणि शेवटी शिक्षणाचा प्रसार झाला पाहिजे असे एक वाक्य. विद्यार्थी स्वतः ज्या गोष्टी ऐकत वाढला, त्या गोष्टी प्रबंधात कोठेच नसतात. त्या त्याला साहित्य वाटत नाहीत, कारण आपण त्याला साहित्य म्हणून जे शिकविले त्यात तशा गोष्टी नव्हत्या. दुर्गाबाई भागवतांची ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ १९५६ साली आली. तिला सुमारे सत्तर वर्षे झाली असली तरी लोकसाहित्य हा आपल्या अभ्यासक्रमात अद्याप शेजारच्या खोलीतला पाहुणा आहे.

४

लिखित मराठीत अद्भुताचे काय झाले, हे थोडक्यात पाहावे लागेल. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. याच काळात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस कथांचे भाषांतर सुरू केले. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ (१८९०) सारख्या कादंबऱ्यांनी वास्तवाला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि अद्भुत हळूहळू बालवाङ्मयाकडे व फिरत्या वाचनालयांकडे सरकले. हा इतिहास सर्वपरिचित आहे.

त्यातील एका कमी चर्चिलेल्या बाजूकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी अद्भुत लिहिण्याचे समर्थन करताना एक कारण दिले आहे. आपल्या लोकांच्या विवाहादी रीती आणि नित्याची राहणी यांत मनोरंजक असे काही नाही. तेच लिहिले तर ग्रंथ नीरस होईल. म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असा त्याचा आशय आहे. कादंबरीच्या अभ्यासकांनी हे विधान वास्तववादाच्या अभावाचा पुरावा म्हणून पुष्कळदा वापरले. परंतु ‘आपले लोक’ म्हणजे येथेही कोण, हे विचारावयास हवे. रिसबुडांची ‘मंजुघोषा’ ज्या दशकात वाचली जात होती, त्याच दशकात तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत आणि जव्हार संस्थानात कणसरी गायिली जात होती. तेथील नित्याची राहणी आणि अद्भुत यांच्यामध्ये रिसबुडांना दिसली तशी भिंत नव्हती. मराठी कादंबरीला अद्भुत बाहेरून, अरबी आणि संस्कृत कथांतून आणावे लागले. मराठीच्याच बोलींमध्ये ते उपलब्ध होते, याची वार्ता नव्या मुद्रित साहित्यास नव्हती.

जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’तील (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांना समीक्षेने आदराने स्वीकारले, ते त्यांतील नियतीविषयक चिंतनामुळे. त्या कथांतील अपरिचित भूमी, भविष्यवाणी, खूणगाठी यांचा विचार रूपकाच्या अंगाने झाला. अद्भुत जर रूपक असेल तर ते चालते, अद्भुतच असेल तर चालत नाही, अशी ही आपली अलिखित अट आहे. ती मला मान्य नाही. रूपक नसलेल्या वाघदेवाला मग साहित्याच्या दारात कधीच प्रवेश मिळणार नाही.

५

आता भयकथा. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ही या प्रांतातील दोन प्रमुख नावे, आणि दोघांची प्रकृती भिन्न आहे. मतकरींच्या गूढकथेत भय बहुधा माणसाच्या मनातून वर येते; शेवटच्या परिच्छेदात वाचकाच्या पायाखालची जमीन सरकते. तोदोरोव्ह यांची दोलायमानता मराठीत शोधावयाची तर ती येथे सापडेल. धारपांचे जग वेगळे आहे. त्यांचे अमंगळ खरोखरच अस्तित्वात असते. ते एखाद्या वाड्यात, गावात, मध्यमवर्गीय कुटुंबात शिरते. प्रारंभी कोणी विश्वास ठेवीत नाही. मग जाणकार येतो, अनिष्टाचे मूळ ओळखतो आणि त्याचा प्रतिकार करतो. ‘समर्थ’ हे त्यांनी निर्माण केलेले अशा जाणकाराचे सर्वांत लोकप्रिय रूप होय.

धारपांवर उसनवारीचा आक्षेप घेतला जातो. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ (१९७५) वरून बेतलेली आहे, हे खरे. परंतु रूपांतराचा अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना आवडतो, असा अनुभव आहे. २०१८ चा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याच्या एका भागामागे धारपांची ‘आजी’ ही कथा आहे, त्या कथेमागे किंग यांची ‘ग्रॅमा’, आणि चित्रपटाच्या नावामागे श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७), जिचा भयकथेशी संबंध नाही. अमेरिकेतील मेन प्रांतातील आजी पुण्यातून कोकणातील पावसाळी वाड्यात कशी पोहोचते, कोणते तपशील वाटेत बदलतात, हे पाहताना विद्यार्थी संविधानक या संज्ञेचा खरा अर्थ शिकतात.

परंतु जव्हार-मोखाड्याच्या वर्गात भयकथा शिकविताना एक अडचण आहे आणि ती केवळ वाङ्मयीन नाही. धारपांच्या संविधानकाचे टप्पे असे मांडता येतात: अकारण इजा, तिच्या कारणाचा शोध, अनिष्टाचे नाव उच्चारले जाणे, आणि निवारण. पाड्यात मूल वारंवार आजारी पडते, जनावर मरते, पीक जाते, तेव्हा भगताकडे नेल्यावर जे घडते त्याचे टप्पेही हेच असतात. बहुतेक वेळा नाव एखाद्या देवाचे किंवा पूर्वजाचे निघते, कोंबडे-नारळावर भागते. क्वचित ते नाव गावातीलच एखाद्या बाईचे निघते. तिला भुताळी म्हणतात. ती अनेकदा विधवा असते, एकटी असते, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. तिला मारहाण होते, गाव सोडावे लागते; स्त्रिया जिवानिशी गेल्याच्या घटनाही महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत घडलेल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर जो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात झाला, त्याने एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते असे भासवून तिचा छळ करणे हा गुन्हा ठरविला. त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मग अशा ठिकाणी भयकथा वर्गात आणावी काय? आणू नये असे म्हणणारे सहकारी आहेत, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. भूत खरे असणारी कथा शिकविणे म्हणजे भुताला प्रमाणपत्र देणे, असे ते म्हणतात. माझे मत निराळे आहे, आणि त्याची कारणे बोहाड्याच्या विवेचनात येऊन गेली आहेत. भीतीचा खेळ आणि भीतीचा आरोप यांतील भेद या विद्यार्थ्यांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. तो त्यांच्या गावातच आहे. त्राटिकेचे सोंग नाचविणाऱ्याला कोणी त्राटिका समजत नाही. भुताळी ठरविलेल्या बाईला मात्र मुखवटा उतरविण्याची सोय नसते. एकाच समाजात भयाच्या या दोन व्यवस्था शेजारीशेजारी आहेत. पहिलीत चौकट आहे, क्रम आहे, शेवट आहे, आणि ज्याच्यावर राक्षसाचे रूप येते त्याला त्याचा मान मिळतो. दुसरीत यांतले काही नाही.

संविधानकाचे टप्पे फळ्यावर मांडून दाखविले की विद्यार्थी स्वतःच विचारू लागतात: कारण शोधलेच पाहिजे असे का? नाव माणसाचेच का निघावे? आणि कथेत ते बाहेरून आलेल्याचे निघते, तर येथे घरातल्या किंवा शेजारच्या बाईचे का? ‘नाव उच्चारणे’ हा कथनाचा एक टप्पा आहे, कथेला पुढे जाण्यासाठी तो लागतो, हे ज्याला दिसले, त्याला प्रत्यक्षातील नाव ऐकताना क्षणभर तरी थांबता येईल. साहित्याचे अध्यापन यापेक्षा अधिक काही साधते असा दावा करण्याचे धाडस मी करणार नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम कार्यकर्ते करतात, पोलीस व न्यायालये करतात. येथे एवढेच नमूद करावयाचे की, भगत आणि समर्थ यांची तुलना हा चेष्टेचा विषय नाही. शहरातील सुशिक्षित वाचक समर्थांच्या हाती वाड्याची सुरक्षितता सोपवून निश्चिंत झोपतो; त्याने पाड्यातील माणसाला अडाणी म्हणण्यापूर्वी आपल्या उशालगतचे पुस्तक पाहावे.

६

विज्ञानकथेचा प्रवास यापेक्षा सोपा असेल अशी आपली अपेक्षा असते. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची होती. त्यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे आदींनी हा प्रकार मराठीत स्थिर केला. नारळीकरांच्या ‘धूमकेतू’मध्ये शास्त्रज्ञ पृथ्वीवर येणारे संकट गुप्तपणे परतवितात, आणि त्याच वेळी धूमकेतूचा शोध लावणाऱ्या दत्तदांच्या घरी शांतीसाठी यज्ञ चालू असतो. संकट टळते, श्रेय कोणाला, हा प्रश्न त्या घरापुरता यज्ञाच्या बाजूने सुटतो. ही कथा जव्हारच्या वर्गात इतर कोणत्याही कथेपेक्षा अधिक बोलकी ठरते. एका छपराखाली दुर्बीण आणि यज्ञ असतात हे सांगण्यासाठी लेखकाला आदिवासी पाड्यावर जावे लागले नाही. त्याने सुशिक्षित बंगाली घर निवडले.

तथापि मराठी विज्ञानकथेची भूमी प्रयोगशाळा आणि महानगर हीच राहिली. मोखाडा तालुक्याच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. येथे पाऊस भरपूर पडतो. वैतरणा नदीवरची धरणे मुंबईस पाणी पुरवितात. त्यांतील मध्य वैतरणा हे २०१० नंतरच्या वर्षांत पुरे झालेले धरण कोचाळ्याजवळ, याच तालुक्याच्या हद्दीत आहे. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते, बायका डोंगर उतरून हंडे भरतात. एखाद्या परग्रहावरील वसाहतीची अशी व्यवस्था लेखकाने कल्पिली असती, तर सुविन यांच्या व्याख्येस ती उत्तम उदाहरण ठरली असती. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंची वार्ता साऱ्या महाराष्ट्रात पोहोचली; त्या वार्तेतून कादंबरी वा विज्ञानकथा का निर्माण झाली नाही, की ती वास्तववादाचीच मक्तेदारी मानली गेली, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे वारल्यांच्या लढ्याचे पुस्तक आपण आत्मकथन म्हणून शिकवितो, आणि ते योग्यच आहे. अद्भुताच्या भाषेत हा प्रदेश लिहिणारा लेखक मात्र याच प्रदेशातून यावा लागेल, आणि त्याला कणसरी व कृष्णविवर या दोन्ही कथा वर्गात वाचावयास मिळालेल्या असाव्या लागतील.

७

अभ्यासाच्या पद्धतीविषयी काही सूचना. कथा मूळ बोलीत उतरून घ्यावी: वारली, कोकणा, ठाकरी, कातोडी, जी असेल तीत. प्रमाण मराठीतील रूप नंतर, शेजारी. सांगणाऱ्याच्या ‘म्हणतात’, ‘झाला म्हणे’, ‘आमचा बाप सांग’ यांसारख्या शब्दांना कात्री लावू नये; सांगणारा कथेवर किती भार टाकतो आणि किती राखून ठेवतो हे त्याच शब्दांवरून कळते, आणि अद्भुताच्या अभ्यासात तीच मुख्य सामग्री आहे. ‘तुमचा यावर विश्वास आहे का?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर विचारणाऱ्याचे तोंड पाहून दिले जाते. त्याऐवजी ही गोष्ट केव्हा सांगत नाहीत, कोणासमोर सांगत नाहीत, हे विचारावे. कणसरीची कथा सुगीच्या रात्रीबाहेर सांगण्यास भगताने नकार दिला तर तो नकारही नोंदवावा. ती त्या कथेच्या स्वरूपाविषयीची माहिती आहे. भुताळीच्या गोष्टी मिळाल्यास जिवंत व्यक्तींची नावे, पाड्यांची नावे वहीतही लिहू नयेत. वह्या गावात वाचल्या जातात. बोहाड्यातील सोंगांची छायाचित्रे आता भ्रमणध्वनीवर कोणीही काढतो. तरीही मुखवटा दिवसा, नाचाबाहेर, कोठे आणि कसा ठेवलेला असतो हे टिपावयाचे असल्यास ज्या घराण्याकडे त्याचा मान आहे त्यांची अनुमती आधी घ्यावी, आणि त्या घराण्याचे नाव प्रबंधात यावे की नाही हेही त्यांनाच विचारून ठरवावे.